चाळीस कोसांपलीकडचा माल

धुळ्याच्या केवलचंद छाजेडांचे निघण्याआधीच तीन सत्कार झाले होते. पहिला देवपूरच्या सायकल मंडळाने केला, दुसरा कापसाच्या व्यापाऱ्यांनी. तिसरा कॉलनीतल्या ज्येष्ठ नागरिकांनी केला. त्यांना सायकलीशी फारसं देणंघेणं नव्हतं, पण हॉल आधीच ठरलेला होता आणि ज्यांचा सत्कार व्हायचा ते गृहस्थ ऐन वेळी दवाखान्यात दाखल झाले होते. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी केवलचंद सायकलवरून युरोप ओलांडणार होते. इस्तंबूलला पायडल मारायचं आणि नऊ देश पार करून लिस्बनच्या समुद्रात पुढचं चाक बुडवायचं, असा बेत होता. दहा मेचं विमान ठरलं होतं, व्हिसा हातात आला होता, आणि तूर्तास ते रोज सकाळी पांझरेचा पूल ओलांडून परत येत होते.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. केवलचंदांच्या दोन्ही गुडघ्यांना काळे पट्टे होते आणि ते जेवतानासुद्धा काढत नसत. भाजी आणायला गेले तरी डोक्यावर हेल्मेट. कोणी नुसतं "कसं काय?" विचारलं तरी उत्तर सर्बियापासून सुरू व्हायचं.

इच्छा मात्र खरी होती, तेही सांगितलं पाहिजे. पंचेचाळीस वर्षं त्यांनी कापसाची आडत चालवली. तरुणपणी एका हंगामात त्यांच्या गाठी थेट पोर्तुगालला गेल्या. गाठीवर पत्र्याचा साचा ठेवून काळ्या रंगाने गावाचं नाव उमटवायचं काम हमालांचं, पण त्या वेळी ते केवलचंदांनी स्वतः केलं. लिस्बन, लिस्बन, लिस्बन, दोनशे वेळा. बोटांचा रंग आठवडाभर गेला नाही. माल गेला आणि मालक गादीवर राहिला. दोन वर्षांपूर्वी आडत बंद झाली, मुलाने, रोनकने, त्याच जागी सोलर पंपांची एजन्सी घातली. ज्या दिवशी गादी उचलली त्या दिवशी केवलचंदांना एकदम वाटलं की आपण जन्मभर नुसतं रवाना करत आलो, पोचलो कुठेच नाही. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. सायकल मात्र घेतली.

सायकलची देखभाल उखर्डूकडे होती. उखर्डू पूर्वी त्यांच्याच आडतीवर हमाल होता आणि आता देवपुरात पंक्चरचं दुकान चालवायचा. शेठ कुठे निघालेत हे त्याला चार वेळा समजावून झालं होतं.

"इतलं लांब सायकलवर?" तो चेन पुसत म्हणाला. "तठे यष्टी नही शे का, शेठ?"

"आहे रे. पण मला सायकलवरच जायचंय."

"आन् अक्का?"

"ती कशाला? ती घरी."

"मंग बराबर शे," उखर्डू म्हणाला आणि त्याने चाक फिरवून पाहिलं. काय बरोबर आहे ते केवलचंदांनी विचारलं नाही.

तिसऱ्या सत्काराची शाल घेऊन ते घरी आले, त्या दुपारी चंद्रकांताबाईंनी कपाटातला बिस्किटांचा जुना डबा काढला. चंद्रकांताबाई म्हणजे त्यांच्या पत्नी, उखर्डूच्या अक्का. त्रेसष्ट वर्षांच्या, माहेर अमळनेरचं, आवाज कधी चढायचा नाही. त्यांनी डब्यातून चार घड्या घातलेला एक कागद काढला आणि जेवणाच्या टेबलावर, युरोपच्या नकाशाच्या बरोबर मधोमध ठेवला.

"हे एकदा बघून घ्या," त्या म्हणाल्या.

केवलचंदांनी चष्मा लावला. कागदावर जैन स्थानकातल्या जुन्या मुनीमजींचं वळणदार अक्षर होतं. दिशा परिमाण व्रत. केवलचंद व चंद्रकांता, सजोडे. चारी दिशांना चाळीस कोस. यावज्जीव. आगार: व्यापार.

जैन श्रावकाच्या बारा व्रतांतलं हे सहावं. माणसाच्या हावेला कुंपण असावं म्हणून आपण कुठवर जायचं याची हद्द माणसाने स्वतःच ठरवायची आणि मग मरेपर्यंत ती ओलांडायची नाही. आगार म्हणजे त्या व्रतातून राखून ठेवलेली सूट. एस.टी.च्या आगाराशी तिचा काही संबंध नाही, जरी लांब पळायला दोन्ही उपयोगी पडत असले तरी.

चौतीस वर्षांपूर्वीच्या चातुर्मासात हे घडलं होतं. प्रवचन रंगलं होतं आणि महाराजसाहेबांनी विचारलं, कोण कोण हद्द बांधून घेतो? शेजारच्या पेढीचा रतिलाल उठला आणि शंभर कोस म्हणाला. आता रतिलालपेक्षा मागे राहणं केवलचंदांच्या रक्तात नव्हतं. लिलावात बोली चढते, इथे उतरायची होती, एवढाच फरक. "चाळीस!" ते म्हणाले, आणि सगळं स्थानक त्यांच्याकडे बघायला लागलं. आगार काही ठेवायचा का, असं विचारल्यावर, दुकान उघडायची वेळ टळत चालली होती म्हणून, "व्यापाराचा तेवढा ठेवा," म्हणाले. सजोडे का? हो, सजोडे. बायकांच्या बाजूला चंद्रकांताबाई मांडीवरच्या रोनकला थोपटत होत्या. शेजारणीने कोपर मारलं तेव्हा त्यांना कळलं की आपण व्रत घेतलंय, आणि त्या हात जोडून उभ्या राहिल्या.

चाळीस कोस म्हणजे ऐंशी मैल. जळगाव आत, भुसावळ आत, नाशिक बाहेर. पण केवलचंदांना ते कुंपण कधी टोचलंच नाही. मुंबई, अहमदाबाद, कोइमतूर, जिथे जायचे तिथे कापसासाठी जायचे, आणि कापूस म्हणजे व्यापार. चौतीस वर्षांत ते व्रत त्यांच्या ध्यानातूनच गेलं.

"हे तू आज दाखवतेस?" त्यांनी विचारलं.

"मला वाटलं, आठवत असेल तुम्हाला," चंद्रकांताबाई म्हणाल्या. "मग वाटलं, आठवत नसलं तरी शाली तरी मिळू देत."

व्रत मोडणं ही केवलचंदांना कल्पनेतही झेपणारी गोष्ट नव्हती. सूर्य मावळल्यावर त्यांनी उभ्या आयुष्यात पाण्याचा घोट घेतला नव्हता. पण नऊ देश, तीन शाली आणि दोनशे गाठींवरचं ते काळं नाव सोडून देणंही झेपेना. सगळं धुळं आता त्यांना विचारणार होतं, शेठ, कधी निघताय? म्हणून दुसऱ्या दिवशी ते स्थानकात गेले. विहार करत आलेल्या महासतीजी, म्हणजे जैन साध्वी, तिथे आठवडाभर थांबल्या होत्या. केवलचंद वंदना करून बसले आणि त्यांनी बाजारातल्या शहाण्या माणसासारखा आपला प्रस्ताव मांडला.

"पूर्वेचे चाळीस कोस मी सोडतो, महासतीजी. उत्तरेचेही सोडतो, तिकडे तसाही सातपुडाच आहे. ते सगळे पश्चिमेला जोडून घेतले तर?"

महासतीजी हसल्या. "एका दिशेचं काढून दुसरीला जोडायचं, याला शास्त्रात क्षेत्रवृद्धी म्हणतात. या व्रताचा चौथा दोष. तुमच्या कितीतरी आधी लिहून ठेवलाय. व्यापारी तेव्हाही होतेच ना."

"आणि पाचवा कोणता?" केवलचंदांनी विचारलं. एखादी फट असेल तर ती तिथे असेल, असं त्यांना वाटलं.

"आपण ठरवलेली हद्द विसरून जाणं."

केवलचंदांनी गुडघ्याचा पट्टा नीट केला. "आगार आहे माझा," ते म्हणाले. "व्यापाराचा."

"करता व्यापार?"

"सोडला. मुलगा बघतो."

"चांगलं केलंत," महासतीजी म्हणाल्या. "मग आता हद्दीत सुखाने राहा." आणि त्यांनी आशीर्वादाचं मांगलिक म्हटलं. ते प्रवासाला निघतानाही म्हणतात आणि घरी परतताना म्हटलं तरी चालतं.

चार दिवस केवलचंद नकाशाकडे फिरकले नाहीत. सायकल मात्र चालवत होते, कारण पाय ऐकत नव्हते. पाचव्या दिवशी, पुलावर चढ लागून दम भरला असताना, त्यांना सुचलं. व्यापार सोडला म्हणून आगार गेला. मग व्यापार धरला तर? ते पुलाच्या मधोमध थांबले आणि एकटेच मोठ्याने हसले. मागून येणाऱ्या रिक्षावाल्याने वळून पाहिलं.

काय विकायचं हा प्रश्न खानदेशातल्या माणसाला पडत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून त्यांनी जळगाव गाठलं, एका जुन्या दलालाकडे मुक्काम केला आणि सकाळी नशिराबादला अभिमनच्या भट्टीवर गेले. अभिमन हायवेलगत केळीचे वेफर्स तळायचा. कच्चं केळं किसणीवर धरायचं आणि थेट कढईत सोडायचं, असा त्याचा हात होता. त्याने पिवळे, मीठ-मिऱ्याचे नऊ पुडे बांधून दिले.

"कुठे न्यायचेत, नाना?"

"युरोपात. प्रत्येक देशात एक विकायचा."

अभिमनने झारा थांबवून त्यांच्याकडे, मग हेल्मेटकडे आणि मग नऊ पुड्यांकडे पाहिलं. "थोडे जास्त न्या," तो म्हणाला. "रस्त्यात भूक लागते."

घरी परतल्यावर, सूर्यास्ताआधीच्या जेवणाला, केवलचंदांनी घरच्यांना विजय ऐकवला. पुडे टेबलावर ओळीने मांडले होते. "नऊ देश, नऊ पुडे. एकेक विकत जायचा. हा व्यापार झाला की नाही? झाला. व्यापार झाला म्हणजे आगार लागू. कागदातच लिहिलंय." सून चेलना तोंडाला पदर लावून हसली. रोनकने "पप्पा, मानलं तुम्हाला," म्हणत हात जोडले.

चंद्रकांताबाई कढी वाढत होत्या. त्यांनी वाटी भरली आणि पळी भांड्यात ठेवली.

"एक पुडा विकला की झालं?"

"झालं."

"एवढंच होतं?"

"एवढंच. पण डोकं लागतं त्याला," केवलचंद खुशीत म्हणाले.

"तेच म्हणते," चंद्रकांताबाई म्हणाल्या. "विमलच्या मुलीच्या लग्नाला मीही एक पुडा घेऊन गेले असते."

त्या हे रागाने म्हणाल्या नाहीत. भाजीत मीठ कमी झालंय, असं म्हणावं तशा म्हणाल्या आणि खिचडी आणायला आत गेल्या. चेलना ताटाकडे बघत राहिली.

विमल ही चंद्रकांताबाईंची पाठची बहीण, लग्न होऊन कोइमतूरला गेलेली. केवलचंद गिरण्यांना कापूस दाखवायला कोइमतूरला अकरा वेळा गेले होते आणि अकराही वेळा विमलकडे जेवले होते. विमल वाढता वाढता दर वेळी विचारायची, "ताईला का नाही आणलंत?" आणि केवलचंद दर वेळी म्हणायचे, "अगं, तिचं व्रत आहे ना." अगदी हेच शब्द. तिचं व्रत. येताना विमल बहिणीसाठी काही ना काही बांधून द्यायची आणि ते घरी आणून द्यायचे. विमल अमळनेरला माहेरी यायची तेव्हा दोघींची भेट व्हायची. पण सहा वर्षांपूर्वी विमलचे गुडघे गेले आणि तेही थांबलं. तिच्या मुलीचं लग्न चंद्रकांताबाईंनी फोनवर पाहिलं. रोनकला पुण्यात पदवी मिळाली तेव्हा केवलचंद बाजाराचं काम काढून गेले होते, चंद्रकांताबाई घरी होत्या. समुद्र त्यांनी पाहिलाच नव्हता.

जेवण झाल्यावर केवलचंदांनी तो कागद पुन्हा हातात घेतला. वर दोघांची नावं होती, खाली एकच आगार. तो त्यांचा एकट्याचा आहे असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. चौतीस वर्षं तो तिचाही होता. स्वतःला अडचण आल्यावर पाचव्या दिवशी त्यांना पुलावर पळवाट सुचली होती, आणि तिच्यासाठी एकदाही सुचली नव्हती, कारण त्यांनी शोधलीच नव्हती. केवलचंदांना लाज वाटली. भर बाजारात वजनात मारताना माणूस पकडला जावा तशी, कानांपर्यंत.

ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.

"ते पुडे तू घे," ते म्हणाले. "कोइमतूरला जा. विक आणि ये."

"आणि तुमचा युरोप?"

"तू परत आलीस की मी. तू येईपर्यंत मी चाळीस कोसांच्या आत. आगार नाही ठेवत." त्यांनी हात जोडले, म्हणजे ते पचखाण, त्यागाची प्रतिज्ञा, झालं. "नऊ पुडे आहेत. आठ दिवसांत येशील. दहा मेला मी मोकळा."

चंद्रकांताबाईंनी ओटा पुसायचं फडकं पिळलं. त्या बराच वेळ ते पिळतच राहिल्या, त्यात पाणी उरलं नव्हतं तरी.

"एक सांगते," शेवटी म्हणाल्या. "मी तुमच्यासारखा नावाचा व्यापार करणार नाही. खरा विकला जाईल तर विकीन. विमलच्या घरात फुकट वाटून 'संपले' म्हणायचं, तसलं मला चालणार नाही."

"बरोबर आहे," केवलचंद म्हणाले. त्यात किती खोल पाणी आहे ते त्यांना तेव्हा कळलं नाही.

पंधरा एप्रिलला रोनकने आईला भुसावळहून गाडीत बसवून दिलं. तासाभराने तिचा फोन आला. "गेले बरं का हद्दीपलीकडे."

"कसं वाटतंय?"

"इकडेही उन्हाळाच आहे," चंद्रकांताबाई म्हणाल्या. पण त्या फोन ठेवेनात. गाडीचा आवाज दोघांनी मिळून ऐकला.

मग कोइमतूरचे फोन सुरू झाले. पहिल्या आठवड्यात नऊच्या नऊ पुडे जागेवर होते. कारण असं की तिकडे घरोघर केळीच तळतात, तीही नारळाच्या तेलात, आणि वर रस्त्यावर दर दहा पावलांना कढई. तिथे खानदेशी वेफर्स विकायचे म्हणजे लोण्याच्या घरी ताक नेण्यातला प्रकार.

"आधी चाखायला द्यायचे," केवलचंद फोनवरून धंदा शिकवत. "घेणाऱ्याच्या हातावर नमुना ठेवायचा, मग भाव बोलायचा."

"ठेवला. छान म्हणाले आणि त्यांचे वेफर्स मला दिले. आता माझ्याकडे माल वाढलाय."

मागे विमल हसत होती. दोन म्हाताऱ्या बहिणींचं ते हसणं केवलचंदांनी यापूर्वी अमळनेरला ऐकलं होतं, तेही भिंतीपलीकडून. एकदा कळलं की विमलच्या शेजारणीने एक पुडा घेतला. मग मंदिराबाहेरच्या फुलवालीने एक. महिना संपता संपता आणखी दोन गेले, पाच शिल्लक होते. रोनक म्हणाला, "पप्पा, मम्मीला सांगा ना, राहिलेले सोडून ये. विमान चुकेल." विमान बदलता आलं असतं, पण व्हिसाचे दिवस मोजके होते आणि रस्त्याला ते सगळे लागणार होते. मे महिन्याची दहा तारीख हुकली की या वर्षीचं लिस्बन हुकलं.

"ती खरा व्यापार करतेय," केवलचंद म्हणाले. "मध्ये बोलायचं नाही."

असं म्हणाले खरे, पण रोज कॅलेंडर बघत होते. घरात बसवेना म्हणून तीन मेला पहाटे त्यांनी सायकल काढली. जळगावला ऊन कलेपर्यंत थांबले, नशिराबाद मागे टाकलं, भुसावळच्या पुढे गेले. सायकलच्या छोट्या पडद्यावर आकडा वाढत होता, आणि वरणगावच्या अलीकडे एकशे अठ्ठावीस किलोमीटरवर आला. चाळीस कोस. केवलचंद उतरले. तिथे काहीच नव्हतं. एक बाभूळ होती, मैलाचा दगड होता, दोन्ही अंगांना केळीच्या बागा होत्या. रस्ता थांबलेला नव्हता, तो पुढे तसाच जात होता, ट्रक आरामात ती हद्द ओलांडत होते. एक बस गेली, तिच्या खिडकीतून एका बाईने त्यांच्याकडे पाहिलं आणि ती पलीकडे निघून गेली.

हद्दीवर ते पहिल्यांदाच उभे होते. आजवर ही हद्द त्यांनी शंभरदा ओलांडली असेल, पण गाडीत झोपून. पुढचं पाऊल टाकायला कोणीही अडवत नाही आणि तरी टाकायचं नाही, हे काय असतं ते त्यांना आत्ता कळलं. तिने हे चौतीस वर्षं केलं होतं. आणि परत आलेल्या माणसाच्या हातात चहा दिला होता. केवलचंद बाभळीखाली बसले आणि त्यांना रडू आलं. हेल्मेट घातलेला माणूस रडताना फारसा दिसत नाही, एवढं बरं असतं.

पाच मेला संध्याकाळी फोन आला.

"एकच पुडा राहिलाय," चंद्रकांताबाई म्हणाल्या. "कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला उद्या घेतो म्हणालाय. परवाची गाडी मिळेल. नऊला मी घरी. तुमचं दहाचं ना?"

"हो," केवलचंद म्हणाले. लिस्बन समोर दिसायला लागलं. "बाकी काय?"

"बाकी काही नाही. विमलचा मुलगा म्हणत होता, कन्याकुमारीला नेतो दोघींना. तिथे तीन समुद्र एकत्र येतात म्हणे. विमलसाठी खुर्चीपण बघून ठेवली होती त्याने. पण आता माल संपला. मालाशिवाय कशी जाणार? राहू दे. तुमची तयारी झाली का? मोजे धुवायला सांगा चेलनाला."

"झाली," केवलचंद म्हणाले. त्यांनी फोन ठेवला. मग ते भिंतीला टेकवलेल्या सायकलपाशी गेले. पुढच्या चाकावर त्यांनी हात फिरवला. चाक अजून कोरडं होतं.

सकाळी त्यांनी 'गाडी धरू नकोस, माल येतोय,' एवढा निरोप विमलकडे ठेवला आणि अभिमनला फोन केला, आणि दुपारी नशिराबादचं खोकं एका टेम्पोने धुळ्याला आलं. केवलचंदांनी ते कॅरियरला बांधलं. कुरियरवाल्याकडे जाताना वाटेत उखर्डूचं दुकान लागलं.

"कोठे चालनात, शेठ? युरोप?"

"नाही रे. पुढच्या साली."

"मंग हाई बठ्ठं काय शे?"

"अक्काचा माल," केवलचंद म्हणाले आणि त्यांनी हवा तपासून घेतली.

कुरियरच्या काउंटरवर त्यांनी खोक्यावर पत्ता लिहिला. जाड काळ्या पेनाने, एकेक अक्षर पूर्वी गाठींवर उमटवायचे तसं सावकाश. कोइमतूर. खाली व्यापाऱ्याच्या भाषेत एक ओळ लिहिली: माल रवाना केला आहे, कन्याकुमारीकडे मागणी चांगली ऐकतो, संपल्याशिवाय परतू नये.

काउंटरवरच्या माणसाने खोकं काट्यावर ठेवलं. "काय आहे आत?"

"केळीचे वेफर्स. शंभर पुडे."

"कोइमतूरला?" तो माणूस हसला. "काका, मी दोन वर्षं होतो तिकडे. तिथे घरोघर तळतात. कोणी हात लावणार नाही याला."

"ठाऊक आहे," केवलचंद म्हणाले. "म्हणून तर शंभर पाठवतोय."